सतरा नंबरचा लूम

शुक्रवारी भिवंडीत कापडाच्या लूमना सुट्टी, खडखड बंद, म्हणून वल्लरीने मुद्दाम शुक्रवारच धरला. कारखान्याची किल्ली घ्यायला ती टेमघरला मालक दाजींकडे गेली तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते आणि कडक ऊन पडलं होतं.

"सांजच्यापरेंत काय ते वाजवून घ्या," दाजी म्हणाले. "उद्या पाडायला घेतलाय. गोदाम व्हतंय तिथं. आन् आत हाय काय आता? लूम समदे भंगारात गेले."

"मला रिकामाच हवाय, दाजी."

"तुझा बापूस असता तर हसला असता."

हसलेच असते. तिचे वडील केसरीनाथ त्या कारखान्यात एकतीस वर्षं जॉबर, म्हणजे बिघडलेला लूम ताळ्यावर आणणारा माणूस. आणि पोरीचं संगीत कसलं, तर डेथ डूम. मयताच्या चालीनं पडणारे ड्रम, जमिनीखालून आल्यासारखी गिटार, आणि त्यावर या किडकिडीत मास्तरीणबाईंच्या गळ्यातून अशी गुरगुर, की शाळेत कुणी ऐकली असती तर दुसऱ्या दिवशी वर्गात पोर आलं नसतं. केसरीनाथ मात्र मांडी घालून ऐकायचे. म्हणायचे, "मी लूम हातानं फिरवतो ना, तसलंच आहे हे."

दुरुस्ती झाली की ते लगेच मोटार लावू देत नसत. आधी चाक हातानं फिरवायचे, धोटा सावकाश इकडून तिकडे जाऊ द्यायचे. खट्... खट्... मन भरलं की लूमवर दोन थापा. मग मोटार.

गेल्या श्रावणात छातीच्या आजारानं ते गेले आणि वल्लरीची गुरगुर थांबली. बोलणं चालू होतं, पण गायला तोंड उघडलं की नुसता वारा. त्यांच्यासाठी बांधलेलं गाणं तसंच राहिलं. ते तिला त्यांच्याच कारखान्यात गायचं होतं, आणि उद्या कारखानाच राहणार नव्हता.

आत भरदुपारी अंधार. खिडक्यांवर कापसाचा थर, हवेत कांजीचा आंबूस वास. बँडमधल्या मिहिरने गिटार जोडली, भाविक ड्रमवर बसला. तीनदा सुरुवात केली, तिन्हीदा फसली. भाविकची लय पुढे पळत होती आणि वल्लरीच्या गळ्यातून वाराच येत होता. तिला रडू कोसळायचं बाकी होतं.

"एकदाच परत," ती म्हणाली.

तेवढ्यात आवाज आला. खट्...

"शेजारचा कारखाना लावला वाटतं," मिहिर पुटपुटला.

"शुक्रवार आहे..." भाविक म्हणाला.

खट्... आवाज कोपऱ्यातून येत होता. तिथे सतरा नंबरचा लूम होता, आता जमिनीत फक्त चार बोल्ट. पप्पांच्या अंगाला यायचा तसा तेलाचा आणि विडीचा वास आला. भाविकने त्या खट्वर ठोका दिला. पुढच्या खट्वर दुसरा. लय पहिल्यांदाच जागेवर बसली.

वल्लरीच्या अंगावर काटा आला. तिने "पप्पा" म्हणायला तोंड उघडलं आणि बाहेर आली ती गुरगुर. पोटातून, पायांतून, आठ महिने अडकलेली सगळी. छताचे पत्रे थरथरले. अकरा मिनिटं ती गायली, आणि एकदाही तिचा आवाज फाटला नाही की थकला नाही. भीती कधी गेली तिला कळलंच नाही. आयुष्यात इतकं सुख तिला झालं नव्हतं.

शेवटचा ठोका पडला. मग कोपऱ्यात दोन थापा.

"मोटार..." वल्लरी कुजबुजली.

आणि अख्खा कारखाना सुरू झाला. चोवीस लूम एकदम, पायाखालची फरशी हादरली. दिसत मात्र काहीच नव्हतं. मिहिर भिंतीला चिकटला, भाविकने डोळे मिटले, आणि वल्लरी मधोमध उभी राहून रडत हसत होती.

दाजींनी धावत येऊन दार ढकललं तेव्हा सगळं गप्प झालं.

"रस्त्यावर ऐकू आलं... लूम कोनी लावले?"

"पप्पांची ड्युटी होती, दाजी."

दाजी कोपऱ्याकडे बघत होते. चार बोल्टांच्या मधे वीतभर कापड पडलं होतं, नुकतंच विणलेलं, कोमट. या कारखान्यात जन्मभर पांढरंच कापड निघालं. हे काळं होतं.

वल्लरीने ते उचललं. त्याचे मोकळे धागे फरशीच्या फटीत गेले होते. तिने हलकेच ओढून पाहिलं.

खालून कुणीतरी हळूच धागे सैल सोडले.