तिकोनी पट

खोटं वाटलं तर वाटू द्या. दीपचंद माझ्या मावशीचे यजमान. हे धरणगावात, त्यांच्याच ओसरीवर, १९६८च्या पावसाळ्याअखेरीस घडलं.

तिघे जिवाचे मित्र. कापडवाले दीपचंद, किराणावाले माणकचंद आणि सुतार लीलाधर. बुद्धिबळाचा तो तिकोनी पट लीलाधरनंच बनवला होता. तीन बाजूंना तिघे, प्रत्येकाची फौज वेगळी. पाळीचा घोळ व्हायचा, म्हणून चाल केली की पुढच्याला नावानं हाक मारून 'तुझी चाल आहे' असं आपल्या बोलीत सांगायचं, असा त्यांचा नेम.

"लीलाधर, तुनी चाल शे!"

एक डाव अर्धवट राहिला आणि लीलाधर तापानं गेला.

तेरावा झाल्यावर दोघे तोच डाव संपवायला बसले. लीलाधरची पाळी सोडून द्यायची, असं ठरलं होतं. दीपचंदांनी उंट सरकवला आणि सवयीनं तोंडातून गेलं...

"लीलाधर, तुनी चाल शे."

दोघेही चपापले. दिवेलागणीला मेलेल्याचं नाव घेऊन बोलावू नये, हे पोरासोरांनाही ठाऊक.

रस्त्यानं कपाशीची गाडी गेली. दोघांनी तिकडे पाहिलं.

खट्...

लीलाधरचा हत्ती पुढे आला होता. माणकचंदांच्या राजाला शह. पळायला घरच नाही.

"दीपचंद, मेलेल्याची थट्टा नको करू."

"तुझी शपथ, मी हात लावला नाही!"

माणकचंद हसले, पण लगेच उठून घरी गेले.

सकाळी ते दुकानाच्या गादीवर बसलेले सापडले. डोळे उघडे. अंगात प्राण नव्हता.

दीपचंदांची पाचावर धारण बसली. आता पाळी त्यांची होती. आपण चाल केलीच नाही, तर डाव पुढे सरकणार कसा? त्यांनी पट जसाच्या तसा आतल्या खोलीत ठेवून कुलूप लावलं.

संध्याकाळी बंद दारामागून ओळखीचा खोकला आला...

"दीपचंद... तुनी चाल शे..."

माणकचंदांचा आवाज!

मग रोज तेच. मोहनबाईंना, म्हणजे माझ्या मावशीला, काही ऐकू यायचं नाही. दीपचंद मात्र कानांवर हात दाबून बसायचे. वाळून काटकी झाले.

दिवाळीची झाडलोट निघाली. एकही खोली राहिली तर लक्ष्मी कशी येणार? ते दुकानात असताना मावशीनं कुलूप काढलं.

"पट पुसला हो," संध्याकाळी ती म्हणाली. "तुमचा राजा कलंडला होता. नेमकं घर आठवेना, शेजारच्यात उभा केला."

दीपचंदांचा चेहरा पांढराफटक पडला.

दिवेलागण झाली. खोकला नाही. हाक नाही.

"आज बोलावलं नाही," ते पुटपुटले.

"बघा, गेली पीडा!"

दीपचंद दाराकडे बघत राहिले. आता पाळी लीलाधरची होती.

खट्...

या वेळी तो आवाज मावशीनंही ऐकला.

त्या दिवाळीला तिच्या दारात पणती लागली नाही.

पट आता आमच्याकडे आहे. जाळायला कोणाचा हात धजत नाही. आणि संध्याकाळी आमच्या घरात कोणी कोणाला नावानं हाक मारत नाही.