बोरुडे मॅडमचा व्हायवा

"मॅडम, कॉलेजात या. एका म्हातारीनं व्हायवा बंद पाडलाय."

फोनवर हवालदार गोरक्षनाथ होता. उपनिरीक्षक सबिहा तांबोळी चहा अर्धा टाकून उठली. नगरमध्ये बाजार बंद पडतो, रस्ता बंद पडतो. व्हायवा बंद पडल्याचं तिनं कधी ऐकलं नव्हतं.

घडलं होतं ते असं.

समाजशास्त्र विभागाचा हॉल. पीएचडीची खुली मौखिक परीक्षा. उमेदवार ज्ञानेश्वरी कल्याण बोरुडे. विषय, लग्नानंतर बायकांची नावं बदलतात त्याचा नगर जिल्ह्यापुरता अभ्यास. बाई नेटकं बोलत होती. एकाही प्रश्नाला अडखळली नाही. बाहेरगावचे परीक्षक खूश झाले आणि शेवटी हसत म्हणाले, "आणि तुमचं स्वतःचं? माहेरचं नाव काय?"

"स्नेहल."

मागच्या रांगेतून नऊवारीतली एक बाई उठली.

"स्नेहल माजी पोरगी हाय," ती म्हणाली. "ही न्हाई."

लोक हसले. "आजी, निराधारचं ऑफिस पलीकडं," कोणीतरी म्हणालं. पुन्हा हसले. म्हातारी धीमेपणानं मंचावर चढली. उमेदवाराची हनुवटी हातात धरून तिनं तो चेहरा उजेडाकडे वळवला, नीट पाहिला, आणि तिथंच फरशीवर बसली.

मग कोणी हसलं नाही.

*

गाइड.

"हिंगणे सर, ही तुमची विद्यार्थिनी?"

"डॉक्टर हिंगणे. डॉक्टर वैजनाथ हिंगणे. हो, माझीच."

"कधीपासून?"

"आधीचे गाइड निवृत्त झाले, मग ती माझ्याकडे आली. बावीसच्या जानेवारीत पहिलं प्रेझेंटेशन दिलं माझ्यासमोर. तेव्हा मास्क होते सगळ्यांच्या तोंडावर."

"तुम्ही अर्जावरचा फोटो ताडून पाहिला नाही?"

"माझ्याकडे आठ संशोधक आहेत, मॅडम. मी काम बघतो, तोंडं नाही." डॉक्टर हिंगण्यांचा आवाज चढला. "आज ती काय बोलली, ऐकायला हवं होतं तुम्ही! परीक्षकांनी विचारलं, स्वतःचं जुनं नाव विसरलेली बाई भेटली का एखादी? तर प्रबंधात नसलेलं उदाहरण दिलं तिनं, ऐनवेळी. मिरजगावच्या अलीकडं, हायवेलगतची खडीची खाण. तिथली मजूर बाई. माहेरचं नाव विचारलं तर नुसती हसत राहिली. परीक्षकांनी टाळी वाजवली, टाळी!"

"चांगलं उदाहरण आहे," सबिहा म्हणाली.

नवरा. कल्याण बोरुडे. शेवगावात खतांचं दुकान.

"ही तुमची बायको?"

"हो."

"मग स्नेहल कोण?"

कल्याणनं आधी गाइडकडे पाहिलं, मग दाराकडे. दारात गोरक्षनाथ होता.

"पहिली बायको. आमच्याकडचं तिचं नाव ज्ञानेश्वरी. एकवीसच्या दिवाळीत पळून गेली."

"तुम्ही पाहिलंत जाताना?"

"ती पीएचडीसाठी नगरला खोली घेऊन राहायची. रूममेटचा फोन आला, बॅग घेऊन कोणाच्या तरी गाडीत बसून गेली म्हणून."

"कोण रूममेट?"

"होती एक. राहात्याची."

"पोलिसांत का गेला नाहीत?"

"बायको पळाली म्हणून सांगत फिरू? गावात दुकान आहे माझं."

"मग दुसरं लग्न."

"बावीसच्या मेमध्ये. घरच्या घरी."

"आणि हिचंही नाव ज्ञानेश्वरी?"

"ताटातल्या तांदळावर अंगठीनं नाव लिहितात ना, मॅडम. मी दुसरं काढलं होतं. पण घरातल्या भांड्यांवर तेच कोरलेलं, रेशनकार्डावर तेच. आई म्हणाली, बरंच झालं."

"आणि पीएचडी?"

"नोंदणी त्या नावावर. काम झालेलं. एका संस्थेत प्राध्यापकाची जागा निघणारे. मग वाया घालवायचं?"

पावसाळा संपल्यावर उरलेल्या पोत्यांबद्दल बोलावं, तसं तो बोलला.

उमेदवार. ती रडत होती, पण पदर खराब न करता.

"माहेर?"

"राहाता. मोनिका माझं नाव."

"मग मंचावर स्नेहल का सांगितलंत?"

"ह्यांनी पढवलं तसं बोलले. मला काही माहीत नव्हतं, मॅडम. लग्नानंतर ह्यांनी फाइल हातात दिली. म्हणाले, आजपासून ती तूच. त्याआधी मी हे कॉलेज बघितलंसुद्धा नव्हतं. नवऱ्याच्या पुढं बाईचं काय चालतं?"

गोरक्षनाथ बाहेर येऊन कुजबुजला, "मॅडम, नवऱ्यानंच खपवली. दिसतंयच. घ्यायचा का आत?"

"दिसतंय खरं," सबिहा म्हणाली. "सगळ्यांनाच दिसतंय. म्हणून थांब जरा."

*

म्हातारी जिन्यात बसली होती. चांगुणा दळवी, मिरजगावची. नवरा मच्छिंद्र मागंच गेलेला, लेक एकुलती एक.

"आई, तुम्हाला कोणी बोलावलं होतं इथं?"

"कोन बोलावतंय? शेजारच्या सूनबाईनं मोबाईलवर वाचून दावलं. ज्ञानेश्वरी बोरुडेची परीक्षा हाय, नगरला. मला वाटलं, आली."

"पळून गेली म्हणून कळलं होतं ना तुम्हाला?"

"व्हय. तीन वर्सं खाली मान घालून जगले. पर म्हनलं, डाक्टर हुतीया, लांबूनच बघीन. बोलनार सुदिक न्हाई. लाज वाटंल तिला माजी."

सबिहा तिच्याशेजारी पायरीवर बसली.

"तुमी साहेब हाय ना?" चांगुणा म्हणाली. "मला कोनाला फाशी बिशी नको. कुटं हाय येवडं सांगा. नसली तरी कुटं नसली, ते सांगा."

*

चौथ्या दिवशी सबिहानं सगळ्यांना त्याच हॉलमध्ये बोलावलं. मोनिकाला पुन्हा मंचावर उभं केलं. गाइडच्या खुर्चीत गाइड, नवऱ्याच्या खुर्चीत नवरा. चांगुणा मागच्या रांगेत. परीक्षकाच्या खुर्चीत ती स्वतः.

"हा काय तमाशा?" डॉक्टर हिंगणे म्हणाले.

"व्हायवा अर्धवट राहिला होता, सर. पुरा करू. परीक्षक सबिहा तांबोळी. बी.ए., दुसरा वर्ग. चालेल ना?"

गोरक्षनाथनं दार लावून घेतलं.

प्रश्न पहिला. तो कल्याणला.

"तांदळावरचं नाव कोणी सुचवलं?"

"आई म्हणाली..."

"आई म्हणाली, बरंच झालं. ते सुचवल्यावर. सुचवलं कोणी?"

कल्याणनं मंचाकडे पाहिलं. "हिनं. म्हणाली, भांडी पुन्हा कुठं कोरत बसायची."

प्रश्न दुसरा. तोही कल्याणलाच.

"स्नेहलची रूममेट राहात्याची. तुमची दुसरी बायकोही राहात्याचीच. त्या रूममेटचं नाव सांगता का आता?"

कल्याण खाली बघत म्हणाला, "मोनिका."

गोरक्षनाथ दारापासून दोन पावलं पुढं आला.

"म्हणजे स्नेहल पळून गेली, हे बघणारी साऱ्या जगात एकच बाई," सबिहा म्हणाली. "आणि सहा महिन्यांनी ती स्नेहलच्या घरात, स्नेहलच्या नावानं."

"प्रेम बसलं आमचं," मोनिका म्हणाली. आता ती रडत नव्हती. "लपवलं, कारण लोक बोलतात. तो गुन्हा आहे का?"

"नाही. प्रश्न तिसरा. तुम्ही म्हणालात, लग्नाआधी हे कॉलेज पाहिलंही नव्हतं. लग्न मेमध्ये. हिंगणे सर—"

"डॉक्टर."

"डॉक्टर हिंगणे, मास्क लावून तुमच्यासमोर पहिलं प्रेझेंटेशन झालं ते जानेवारीत. स्नेहल दिवाळीतच गेलेली. मग जानेवारीत तुमच्यासमोर ज्ञानेश्वरी बोरुडे म्हणून कोण उभं होतं?"

डॉक्टर हिंगणे मंचाकडे वळले. "हीच. आवाज हाच. तेव्हापासून हाच आवाज."

"कल्याण, जानेवारीत तुम्ही हिला पाठवलं होतंत?"

"नाही! लग्नानंतर हीच म्हणाली, नाव तेच आहे तर परीक्षा देऊन टाकते. तोवर मला वाटायचं, पीएचडी बुडाली."

"ऐका मग." सबिहा उठली. "मला पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट खुपत होती. बायको पळून गेली असं वाटणारा नवरा तिची वाट बघतो, नाही तर शिव्या घालतो. ती उद्या दारात उभी राहील, ही धास्ती त्याला असतेच. तशीच ती कोणालाही असायला हवी. मग जानेवारीतच तिच्या नावानं, तिच्याच कॉलेजात उभं राहायची छाती कोणाची होईल? जिला पक्कं ठाऊक आहे की ती परत येणार नाही, तिचीच. कल्याणला ते ठाऊक नव्हतं. त्यानं मेपर्यंत त्या नावाला हातही लावला नाही. हात लावला तो हिनं."

"हा अंदाज झाला," मोनिका म्हणाली. "पुरावा?"

"पुरावा तुम्ही इथंच उभं राहून दिलात. टाळी घेऊन."

सबिहा मंचाजवळ गेली.

"मी प्रबंध वाचला. सगळा. त्यात खाणीवरची बाई नाही. फोनमधल्या तुमच्या मुलाखतींत नाही, तुम्ही उतरवून काढलेल्या कागदांत नाही. परीक्षकांनी विचारल्यावर तुम्हाला राहवलं नाही. व्हायवाला उभा राहिलेला माणूस जास्तीचं एक उदाहरण देतोच. परीक्षक मान डोलवायला लागले की जीभ सुटते. मी त्या खाणीवर गेले. बाई तिथंच आहे. नाव विचारलं तर मलाही हसली. पण बाकी सगळं तिला आठवतं. एकवीसची दिवाळी. स्कूटीवर दोघी आल्या. एक विचारत होती, दुसरी मोबाईल धरून होती. मग दोघी खाणीच्या कडेला गेल्या. परत आली ती मोबाईलवाली. म्हणाली, मैत्रीण पुढच्या वाहनानं गेली."

सबिहानं एकदा मागच्या रांगेकडे पाहिलं.

"ती मुलाखत प्रबंधात घालायची हिंमत तुम्हाला झाली नाही. पण विसरताही आली नाही. परवा आम्ही खाणीतलं पाणी उपसलं."

मोनिका बोलली ते मंचावरून बोलतात तसंच, सुटं, स्वच्छ.

"तो प्रबंध माझा आहे. ती फक्त गप्पा मारायची बायकांशी. उतरवून मी काढलं, प्रकरणं मी पाडली. प्रवेश परीक्षेत दोनदा मला नापास केलं ह्या लोकांनी. त्या दिवशी तिला म्हणाले, माझंही नाव लाव. तर म्हणाली, ऋणनिर्देशात टाकते की. सगळ्यात शेवटी. टायपिंगवाल्याच्या खाली. आणि हसली. एवढंच. मी धक्का दिला तेव्हाही हसतच होती ती. तिला वाटलं, मी गंमत करतेय."

"पवाया येत न्हवतं तिला," मागून चांगुणा म्हणाली.

"माहीत होतं मला," मोनिका म्हणाली.

गोरक्षनाथनं तिला खाली उतरवलं. कल्याणही उठला, त्याला दुसऱ्या हवालदारानं धरलं. तोतयागिरीत तोही होताच. जाता जाता तो बायकोला नावानं हाक मारायला गेला, आणि कोणत्या नावानं मारावी ते न कळून थांबला.

पंचनाम्याच्या कागदावर सबिहानं लिहिलं, आरोपी ज्ञानेश्वरी कल्याण बोरुडे. त्याखाली, मयत ज्ञानेश्वरी कल्याण बोरुडे. सरकारदरबारी दोन्ही खरं होतं. गोरक्षनाथनं दोनदा वाचलं आणि टोपी काढून डोकं खाजवलं.

डॉक्टर हिंगणे विद्यापीठाशी फोनवर बोलून आले. चांगुणा त्यांच्या वाटेत उभी राहिली.

"साहेब, लिवलं माज्या पोरीनं ना? मंग आता तिला डाक्टर म्हनत्याल का?"

"प्रबंध रद्द, आजी. त्या नावाला कायमची बंदी घातलीय."

"नाव तर तिचंच हाय."

"तेच तर," डॉक्टर हिंगणे म्हणाले. परीक्षकांसाठी आणलेली शाल त्यांनी घडी करून काखेत मारली आणि जिना उतरून गेले.

सबिहानं म्हातारीला जीपमध्ये बसवलं. गाडी शहराबाहेर पडली. मग चांगुणानं विचारलं, "ती खान कंच्या अंगाला म्हनला?"

"हायवेला लागूनच. मिरजगावच्या अलीकडं. डाव्या हाताला."

"जिथं चिंच हाय, आन् खाली हिरवं पानी दिसतं?"

"हो."

चांगुणा काचेतून बाहेर बघत राहिली.

"दर बाजारी नगरला येते म्या, एष्टीनं. खिडकीची जागा धरते. लई गार वाटतं त्ये पानी बघून."