पुट ऑफ म्हणजे पुढे ढकलणं

चंदीगडच्या कडाक्याच्या थंडीत, सकाळी सातच्या इंग्रजीच्या वर्गात, मागच्या बाकावरून "आयला!" ऐकू आलं आणि मी गर्रकन वळले. वहीवर सांडलेला चहा पुसणारा तो कराडचा ओजस, सेक्टर तीसच्या प्रयोगशाळेत इंजिनिअर. मी नांदेडची देवयानी, नोकरीला मोहालीत. ग्रेवाल मॅडमनी लगेच आमची जोडीच लावून टाकली... बोलण्याच्या सरावापुरती!

मॅडमचा नियम कडक. रोज एक क्रियापद, आणि वाक्य स्वतःच्या आयुष्यातलं, खरं. खोटं वाटलं तर जोडीदारानं अडवायचं. त्या खऱ्या वाक्यांतूनच ओजस मला कळत गेला — आणि आवडतही गेला. कॅनडात दोन वर्षांच्या पुढच्या शिक्षणाला त्याला प्रवेश मिळाला होता. फक्त इंग्रजीच्या परीक्षेचे गुण महिनाअखेरीपर्यंत पाठवायचे होते. हा मात्र दोनदा तारीख बदलून बसला. "तयारी नाही गं झाली," म्हणायचा.

त्या दिवशी फळ्यावर 'पुट ऑफ' होतं. करायचं काम पुढे ढकलत राहणं.

"आय पुट ऑफ माय एक्झाम," ओजस म्हणाला, "बिकॉज आय ॲम नॉट रेडी."

"खोटं," मी म्हणाले. सराव परीक्षेत तो वर्गात पहिला आलेला. कालच यादी लागली होती. "खरं वाक्य सांग."

तो पेनच्या टोपणाशी चाळा करत राहिला. कान लालेलाल.

"मराठीत सांगू?... परीक्षा झाली की हा वर्ग संपेल. मग सकाळी सात वाजता तू कुठे भेटणार?"

हेच ऐकायला माझे कान आसुसले होते. पण माझ्यापायी याचं शिक्षण बुडालं तर?

"मलाही तू आवडतोस, वेड्या," मी म्हणाले. "पण पुढे कधी पस्तावलास, तर माझ्याच तोंडाकडे बघून पस्तावशील. ते मला नाही सोसायचं."

"आणि दोन वर्षं...?"

"दोन वर्षं फोनवर भांडू. काढ मोबाइल."

परीक्षेला शनिवारची जागा शिल्लक होती. त्याचं बोट बटणावर येऊन थबकलं — मी त्यावर माझं बोट ठेवलं आणि दाबलं. तारीख पक्की झाली. मॅडम फळा पुसायला लागल्या, सगळे वह्या आवरू लागले, आणि मी काही त्याचा हात सोडला नाही.