चौदा दाण्यांचा नमुना

बियाणं तपासणीच्या प्रयोगशाळेत त्यांनी चौतीस वर्षं काढली. हाताखालची माणसं आधी पाठीमागे त्यांना ‘चाळण’ म्हणत, मग ‘चाळणसाहेब’ असं तोंडावर म्हणू लागली. साहेबांना त्याचा राग नव्हता. उलट चाळणीला भोकं असतात आणि आपल्यातून काही निसटत नाही, एवढीच त्यांची तक्रार होती. पोत्यातून नमुना काढायचा, दाणे मोजायचे, ओल्या कागदावर मांडायचे, कागद गुंडाळून ठेवायचा आणि ठरल्या दिवशी उघडून कोंब मोजायचे. जे उगवलं ते लिहायचं. वरून कुणाचाही फोन आला तरी आकडा बदलायचा नाही. आणि तपासलेला नमुना कधी पोत्यात परत टाकायचा नाही. त्याचं काम झालं, तो कचऱ्यात.

घरी मात्र तपासणीचं खातं बायकोकडे होतं. तिचा सगळा संसार नाकावर चालायचा. दूध उद्या नासणार हे तिला आज कळायचं. साहेब दारात बूट काढत असतानाच ती आतून म्हणायची, “आज कांद्याचं बी होतं वाटतं.” आणि ते कांद्याचंच असायचं.

मागच्या वर्षीच्या तापात ते नाक गेलं. ताप आठ दिवसांत उतरला, वास काही परत आला नाही, आणि वासाबरोबर चवही गेली. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, “येईल. कदाचित यायचाही नाही.” साहेबांना असली उत्तरं आयुष्यात कुणी दिली नव्हती. बायको ताटासमोर बसायची, चार घास ढकलायची आणि ताट सारायची. “ओला पुठ्ठा चावल्यासारखं वाटतं हो,” ती म्हणायची. तिच्या घड्याळाचा पट्टा वर्षभरात तीन भोकं आत गेला. हे असंच चाललं तर ही आणखी एक वर्ष काढणार नाही, हे साहेबांना दिसत होतं. आकडे त्यांना कधी फसवत नसत.

एकदा ती सहज बोलून गेली, “निदान एखाद्या फुलाचा तरी वास आला असता.” ते शब्द साहेबांच्या मनातून जाईनात. रोपवाटिकेतून त्यांनी फुलझाडं आणली. फुलं तळहाताएवढी, रंग डोळ्यांत भरणारे, पण वासाच्या नावाने शून्य. त्यांतल्या तीन जाती त्यांनी स्वतःच पास केल्या होत्या. पाकळी मोठी करता करता वास कधी गळून गेला ते कुणी तपासलंच नव्हतं, त्यांनीही नाही.

तेव्हा त्यांना ती पुडी आठवली. निवृत्तीच्या दिवशी टेबलाचा खण रिकामा करताना भिंगाबरोबर तीही घरी आली होती. सव्वीस वर्षांपूर्वी टपालाने आलेला नमुना. वर निळ्या शाईत ‘जुना सुवासिक वेल’ एवढंच लिहिलेलं, पाठवणाऱ्याचा पत्ता नाही. त्यांनीच त्यावर शिक्का मारला होता, ‘नमुना अपुरा, परत’. परत कुठे पाठवणार? आत चौदाच दाणे होते, वाटाण्याहून बारीक, काळपट, कडक. रोपवाटिकेवाले स्वीट पी म्हणतात त्याचं बी, हे त्यांनी पाहताक्षणी ओळखलं.

चौदा दाण्यांत तपासणी होत नाही. तपासले की संपले. म्हणून आयुष्यात पहिल्यांदा साहेबांनी बी न तपासता पेरलं. दाणे काचकागदावर हलके घासले, रात्रभर कपात भिजवले आणि सकाळी मागच्या भिंतीलगत सात कुंड्यांत दोन दोन टोचले. सव्वीस वर्षांचं बी. एखादा कोंब आला तरी नशीब.

सहाव्या दिवशी चौदाही उगवले. शंभर टक्के हा आकडा त्यांनी चौतीस वर्षांत एकदाही लिहिला नव्हता. ते खुर्ची घेऊन कुंड्यांसमोर बराच वेळ बसून राहिले. आनंद झाला होता, पण तो अंगाला लागत नव्हता.

भिंतीवर सुतळ्या ताणल्या आणि वेल बघता बघता वर गेले. पहिलं फूल फिकट जांभळं, दिसायला यथातथाच. साहेब वाकले. मध, आणि त्यामागून संत्र्याची साल सोलल्यासारखं काहीतरी. त्यांनी देठासकट फूल खुडलं आणि स्वयंपाकघरात नेऊन बायकोच्या हातात दिलं.

तिने सवयीने, माझ्या नाकाचं मला माहीत आहे अशा चेहऱ्याने, ते वर नेलं. मग दुसऱ्या हातातली सुरी खाली ठेवली.

“अहो, हे गोड आहे,” ती म्हणाली. “येतोय. मला येतोय.”

साहेब न्हाणीघरात गेले, नळ मोठा सोडला आणि पोटभर रडले.

स्वीट पीचं एक आहे. फुलं खुडत राहा, वेल फुलत राहतो. एकदा शेंगा धरू दिल्या की आपलं काम झालं असं समजून तो वाळायला लागतो. साहेब रोज सकाळी एकूण एक फूल खुडू लागले. आणि जित्याची खोड म्हणा, त्यांनी नवी वही सुरू केली. रोज दहा वाजता तपासणी. बायकोच्या डोळ्यांवर रुमाल बांधायचा, आधी फुलं नाकाशी धरून तीन श्वास, मग एक वस्तू. नमुना एक, अंघोळीचा साबण. ओळखला. नमुना दोन, चहाचा डबा. ओळखला. तीन, जुना शब्दकोश. “पुस्तक आहे, आणि त्याला वाळवी लागणार आहे,” ती म्हणाली. साहेब कितीतरी दिवसांनी हसले.

फुलांशिवाय नुसती वस्तू धरली तर मात्र काही येत नसे. फुलांनंतर धरली की वास यायचा, आणि एकदा आला की त्या जातीचा वास रोजच्या फुलांवर टिकून राहायचा. चहा आला तसा ती चहा पिऊ लागली, लिंबू आलं तसं वरण मागू लागली. घड्याळाचा पट्टा एक भोक बाहेर आला. शेजारच्या शिंपीणबाई कापड मापायला आल्या त्या म्हणाल्या, “नाक परत आलं म्हणायचं! आता पुन्हा नाकाने कांदे सोलायला मोकळ्या.”

याच दिवसांत बायको वस्तू विसरू लागली. निदान साहेबांना तसं वाटलं. “साबण कुठे ठेवलात?” तिने न्हाणीघरातून विचारलं. साबण तिच्या पुढ्यातच होता. साहेबांनी नवी वडी दिली, ती तिने लगेच घेतली. मग चहाचा डबा. ती फळीवर डब्याच्या डावीकडे चाचपायची, उजवीकडे चाचपायची, आणि डब्यावरून तिची नजर पाण्यासारखी ओघळून जायची. शब्दकोश तिच्या कोपराने टेबलावरून पडला. एवढा मोठा आवाज झाला, पण तिने मानही वळवली नाही. साहेबांनी वहीत लिहिलं, ‘चष्म्याचा नंबर पाहणे.’ चष्मेवाल्याने सांगितलं की नंबर तोच आहे.

बाराव्या नमुन्याला साहेबांना सुचलं की आता काही जिवंत घ्यावं. शिंपीणबाईंच्या ठमी कुत्रीला पिल्लं झाली होती. त्यांतलं एक पांढरं पिल्लू त्यांनी मागून आणलं. बायकोने फुलांचे तीन श्वास घेतले आणि मग पिल्लाच्या मानेत नाक खुपसलं.

“दूध,” ती म्हणाली. “आणि ऊब. अगंबाई, उबेलाही वास असतो.” तिच्या चेहऱ्यावर असं सुख त्यांनी लग्नानंतरच्या पहिल्या वर्षानंतर पाहिलं नव्हतं.

दुपारी शिंपीणबाई पिल्लू न्यायला आल्या. पिल्लू जमिनीवर, चटईच्या कडेला लोळत होतं. बायको पाणी आणायला उठली आणि तिचा पाय पिल्लावर पडला.

पिल्लू किंचाळलं. ती तिथेच उभी राहिली, सगळा भार त्या पायावर, आणि शिंपीणबाईंना ब्लाउजाच्या बाह्या किती हव्यात ते सांगत राहिली.

शिंपीणबाईंनी तिला ढकलून पिल्लू ओढून घेतलं.

“काय झालं?” बायकोने विचारलं. “एवढ्या दचकलात का?”

“पिल्लू, बाई! पायाखाली पिल्लू!”

“कुठे?” तिने चटईकडे पाहिलं, शिंपीणबाईंच्या छातीशी कळवळणाऱ्या जिवाकडे पाहिलं. “इथेच असेल कुठेतरी. छान वास येतोय त्याचा.”

पिल्लू वाचलं, पाय मात्र अधू झाला. शिंपीणबाई पुन्हा आल्या नाहीत.

संध्याकाळी साहेबांनी उरलेले अकराही नमुने जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडले. साबण, डबा, शब्दकोश, सुकून कडक झालेलं अर्धं लिंबू, सगळे. मग बायकोला हाक मारली आणि टेबलावर काय आहे ते विचारलं.

“काय असणार?” ती म्हणाली. “सकाळीच पुसून ठेवलंय.”

जे तिने हुंगलं ते तिच्यापुरतं उरत नव्हतं. कुणी सांगितलं असतं तर त्यांनी त्याला वेड्यात काढलं असतं, पण ही त्यांचीच तपासणी होती आणि नमुने त्यांनीच निवडले होते. त्यांनी वही बंद केली. दुसऱ्या दिवसापासून फुलं खुडली नाहीत. “वेल आटोपला बहुतेक,” त्यांनी बायकोला सांगितलं. खोटं बोलायची सवय नसल्यामुळे ते पाठ करून बोलले.

पाच दिवसांत शेंगा धरल्या. पाच दिवसांत चहाचा वास गेला, मग लिंबाचा, मग सगळ्याचा. पण टेबलावरच्या वस्तू तिला दिसल्या नाहीत त्या नाहीतच. बायकोने ताट सारलं. आठव्या दिवशी ती न्हाणीघराच्या दारात चक्कर येऊन पडली. तिला उचलताना साहेबांना तिचं वजन जाणवलंच नाही.

त्या दुपारी त्यांनी वेलावरची एकूण एक शेंग ओरबाडून काढली.

वेल पुन्हा फुलला. साहेबांनी एकच नियम केला, जिवंत काही द्यायचं नाही. साबणाची दुसरी वडी आणता येते. डबा दुसरा आणता येतो. तपासलेल्या वस्तू ते एका खोक्यात भरत गेले आणि बायको जेवत गेली. तिच्या गालांवर पुन्हा मांस धरलं.

फक्त ते तिच्यापासून लांब बसू लागले. फुलं चिमट्याने द्यायचे आणि दोन हात मागे सरायचे. अंथरूण त्यांनी बाहेरच्या खोलीत नेलं, घोरण्याचं कारण सांगून.

“माझं काही चुकलं का?” एके दिवशी तिने विचारलं.

“छे.”

“मग दूर का पळता? घरात सगळ्याचा वास येतो. चादरीचा येतो, उशीचा येतो. तुमचाच तेवढा येत नाही. माणूस गेल्यावर घर असतं ना, तसं वाटतं मला.” ती हळूच म्हणाली, “असं जेवून तरी काय करायचं?”

खरोखरच तिने त्या दिवशी अर्ध्यातून हात धुतला. दुसऱ्या दिवशी पाव ताट. तिसऱ्या दिवशी ती ताटावर बसलीच नाही.

ऊन तापू लागलं होतं. वेल खालून पिवळे पडत वर निघाले होते. एका सकाळी सगळ्या भिंतीवर मिळून एकच देठ राहिला, त्यावर तीन फुलं. साहेबांनी तो खुडला. दाढी केली, धुतलेला सदरा काढला, मग तो परत ठेवून कालचाच घातला.

ती मागच्या दारच्या पायरीवर बसली होती. ते तिच्याशेजारी, अगदी लागून बसले आणि फुलं तिच्या हातात दिली.

“रुमाल नाही बांधायचा?” तिने विचारलं.

“आज नको.”

तिने एक श्वास घेतला. दुसरा घेतला. साहेबांना उठता आलं असतं.

तिसरा.

ते उठले नाहीत.

तिने फुलं मांडीवर ठेवली, त्यांचा हात हातात घेतला, डोळे मिटले आणि त्यांच्या मानेत तोंड लपवलं. ती बराच वेळ तशीच होती. त्यांची कॉलर ओली झाली.

“आला,” ती म्हणाली.

“कसा आहे?” साहेबांनी विचारलं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

“ओल्या कागदाचा. बियांच्या पोत्याचा. आणि थोडी भीती वाटल्यासारखा.” ती हसली. “तसाच आहे. काही बदललं नाही.”

मग तिने डोळे उघडले आणि मान वर केली.

तिची नजर त्यांच्या चेहऱ्यावर आली, थांबली नाही, आणि मागच्या सुतळ्यांवर गेली. तिचा हात त्यांच्या हातातून निघाला. सोडवून नव्हे, नुसताच, लाकडावरून उचलावा तसा.

“अहो,” तिने बागेकडे पाहून हाक मारली.

“इथे आहे मी,” साहेब म्हणाले. त्यांनी तिचा खांदा धरला. हलवला. तिच्या साडीला त्यांच्या बोटांनी चुण्या पडल्या.

“अहो, ऐकलंत का? भूक लागलीय मला. किती दिवसांनी!” ती प्रसन्नपणे म्हणाली, आणि उत्तराची वाट पाहत थोडा वेळ बसली. मग एक खोल श्वास घेतला आणि तिला धीर आला. एवढा दाट वास येतोय म्हणजे माणूस काही फार लांब गेलेला नाही.

ते आले की त्यांना टेकायला जागा असावी म्हणून ती पायरीवर जराशी सरकून बसली.