दुसऱ्या हॉर्नचे विराम

संगीतशाळेच्या मागच्या खोलीत बाई स्वरलिपी उघडून बसल्या होत्या. हातात शिसपेन्सिल, डोक्यात आग. शनिवारी सकाळी श्रोत्यांसमोर त्यांना एका जुन्या सिंफनीचा पहिला भाग उलगडून सांगायचा होता. आटोपशीर रचना: तंतुवाद्यं, सनईच्या जातीचे दोन ओबो, तुतारीच्या जातीचे दोन हॉर्न. सूर घरून निघतो, शेजारी जाऊन गप्पा मारतो, मधल्या भागात परक्या मुलखात भटकतो आणि शेवटी घरी परततो. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी बाईंनी सांगितलं असतं.

आग होती ती एका वाक्याची. हातातल्या काठीनं वाद्यवृंद चालवणारे सर काल दारातूनच म्हणाले होते, "बाई, दुसऱ्या हॉर्नवाचून काही अडत नाही, तेवढं सांगून टाका. तुमच्या तोंडून आलं म्हणजे लोकांची कुजबुज थांबेल. नाहीतर पुढच्या वर्षी तुमचाही वर्ग ठेवायचा की नाही, बघावं लागेल."

दुसरा हॉर्न वाजवायचा तो बाईंचा धाकटा भाऊ.

त्या जुन्या हॉर्नला दाबायची कळ नसते. नुसती वेटोळी नळी, घरच्या सुरांपुरती. संगीत परक्या मुलखात गेलं की हॉर्नवाल्यानं वाद्य मांडीवर घेऊन मात्रा मोजत गप्प बसायचं. धाकटा तसाच बसला होता, तेव्हा भर तालमीत सर म्हणाले होते, "हा वाजवतो कमी, बसतो जास्त. नुसती खुर्ची ठेवली तरी भागेल." सगळे हसले. पुढच्या तालमीला ती खुर्चीही नव्हती. महिना-दीड महिन्यात धाकटा गेला. डॉक्टर म्हणाले, हृदय. बाईंच्या मनात दुसरंच नाव होतं.

त्यांनी परवाच्या तालमीचं रेकॉर्डिंग लावलं. मधला भाग आला आणि पेन्सिल थांबली.

तंतुवाद्यांच्या खाली एक खर्जातला स्वर धरलेला होता. घरचा स्वर. वरचं संगीत कुठल्या कुठे गेलेलं, आणि हा उंबऱ्यावर ठाण मांडून बसल्यासारखा. बाईंनी पुन्हा ऐकलं. होता.

दुपारी त्या सभागृहात गेल्या. उरलेला एकटा हॉर्नवाला वाद्य पुसत होता.

"मधल्या भागात तुम्ही वाजवता का हो?"

"तिथं विराम आहेत, बाई. सर मला कच्चा खातील." त्यानं शेजारच्या मोकळ्या जागेकडे पाहिलं. तिथं फरशीवर पाण्याचे थेंब होते. "आणि हे पाणी माझं नाही."

फुंकरीची वाफ नळीत गार होते, तिचं पाणी होतं. हॉर्न फिरवून ते ओतावं लागतं.

"माझं मी फडक्यावर काढतो. तुमच्या भावाला किती वेळा सांगितलं, फरशीवर नको म्हणून..." तो वाद्य अर्धवट पुसूनच निघून गेला.

घरी भावजय भाजी निवडत होती. धाकट्याच्या हॉर्नची पेटी कपाटावर होती.

"ताई, तुम्ही खरंच तसं म्हणणार?"

"नोकरी आहे गं."

"त्यांचीही होती."

बाईंनी कपाटावर पाहिलं. "ती पेटी उघडली होतीस का?"

"नाही. शेवटची त्यांनीच मिटली. तोंडाला लावायची वाटी हॉर्नपासून काढून, पुसून, तिच्या कप्प्यात ठेवून. आता कोण उघडणार?"

शनिवारी सभागृह भरलं. बाईंचा आवाज नेहमीसारखाच हळू होता. त्यांनी निघणं सांगितलं, भटकणं सांगितलं. मग स्वरलिपी मिटली.

"दुसरा हॉर्न इथं बराच वेळ गप्प असतो. पण परतताना घराचा पाया तोच घालतो. त्याच्यावाचून अडतं. ज्याला गप्प बसलेला माणूस ऐकू येत नाही, त्यानं हातात काठी धरू नये."

कुणीतरी खोकलं. सर ओठ न उघडता हसले.

"वाजवूनच दाखवू की," ते म्हणाले, आणि त्यांनी काठी उचलली.

निघणं झालं. शेजार झाला. मधला भाग आला.

स्वर लागला.

आज तो रेकॉर्डिंगसारखा दबका नव्हता. खुर्च्यांचे पाय फरशीवर थरथरत होते. सरांनी मान फिरवली. हॉर्नवाल्याचं वाद्य मांडीवर होतं, दोन्ही हात वर.

सरांनी काठी आपटली. तंतुवाद्यांचे गज थांबले. ओबो थांबले.

तो स्वर थांबला नाही.

मग क्षीण होत तुटला, आणि त्या मोकळ्या जागेतून श्वास घेतल्याचा आवाज आला. लांब, पुरता, छाती भरून. सभागृहात प्रत्येकानं ऐकला.

स्वर पुन्हा लागला.

"बंद कर," सर म्हणाले. कुणाला, ते त्यांनी सांगितलं नाही. एक हात छातीवर धरून ते हळूहळू खाली बसले.

बाई जागच्या हलल्या नाहीत. त्यांचा राग अजून उतरला नव्हता.

सरांना दवाखान्यात नेल्यावर त्या घरी आल्या. भावजय दारातच उभी होती.

"ताई, कपाटावरून पाणी ठिबकतंय."

बाईंनी स्टूल घेतलं, पेटी खाली काढली, उघडली. आतली मखमल भिजून काळी पडली होती. वाटीचा कप्पा रिकामा होता. वाटी हॉर्नला बसवलेली होती.

बाईंनी तिला बोट लावलं. ती अजून कोमट होती.