फुटात की मीटरमध्ये?

केबलचं वेटोळं ऋताच्या हातून निसटलं आणि उड्या मारत जिना उतरून थेट एका माणसाच्या पायाशी जाऊन आडवं झालं.

"आमच्याकडे पाहुण्यांना हार घालतात," तो वेटोळं उचलत म्हणाला, "पाहुणे मात्र आमच्या पायाशी केबल टाकतात वाटतं?"

हा शार्दूल, चाकणच्या त्या कारखान्याचा सुरक्षा अधिकारी. मुख्य गेटच्या खोलीत वॉकीटॉकीचं मोठं यंत्र बसवायचं होतं, पाण्याच्या टाकीवर त्याचा अँटेना, आणि दोघांना जोडणारी केबल निवडायचं काम ऋताचं. गच्चीवर पावसाची भुरभुर, वाऱ्यावर उडणारे तिचे केस, आणि तिच्यावर छत्री धरून स्वतः भिजणारा तो... काम सुचणार कसं, कप्पाळ!

"ही फार बारीक नाही का? जाड घेऊ या की."

"सर, हा पाण्याचा पाइप नाही. जाड म्हणजे चांगलं, असं नसतं." ती हसली, तोही हसला. बारीक केबल वळवायला सोपी, दिसायला नेटकी. वाटेत सिग्नल किती गळेल याचा हिशेब तिने तोंडपाठ म्हणून दाखवला. तो मात्र हिशेबापेक्षा तिच्याकडेच जास्त लक्ष देत होता.

मग काय, बारीक केबल बसली आणि त्याचे फोन सुरू झाले.

"मॅडम, यंत्र खरखरतंय."

"खरंच?"

"नाही... पण खरखरलं तर?"

एका दुपारी मात्र खराच फोन आला. मागच्या गेटवर मालाचा ट्रक ताटकळला होता आणि तिथला राखणदार सोनबा वॉकीटॉकीवर कितीही हाका मारल्या तरी उत्तर देत नव्हता.

"आमची सिस्टिम ठणठणीत आहे," ऋता बोलून गेली. "तुमचा माणूसच डुलकी काढत असेल."

शार्दूलने तिच्या शब्दावर विश्वास ठेवला. चारचौघांत सोनबाला फैलावर घेतलं, महिनाअखेरीनंतर येऊ नका म्हणून सांगितलं. "न्हाई सायेब, आवाजच आला न्हाई," एवढंच म्हातारा म्हणत राहिला.

पुढच्या आठवड्यात निगडीच्या ऑफिसातून ऋता दुसऱ्या कामासाठी केबल मागवत होती. दुकानदाराने सहज विचारलं, "मॅडम, फुटात सांगताय की मीटरमध्ये?"

ऋताने चाकणचा हिशेब पुन्हा मांडला. गळतीचा तो आकडा शंभर फुटांमागचा होता, आणि तिने धरला होता शंभर मीटरमागचा. म्हणजे गळती तिपटीहून जास्त! मागच्या गेटपर्यंत आवाज पोचणार होता डोंबल! म्हातारा खरं बोलत होता, आणि आपण त्याला झोपाळू ठरवून मोकळ्या झालो. शरमेने तिचे कान तापले.

"गुपचूप जाड केबल टाकून ये," तिचे साहेब सुरेंद्र म्हणाले. "झाकली मूठ सव्वा लाखाची."

पण या मुठीत सोनबाची भाकरी होती. जाड केबल घेऊन ती चाकणला पोचली, ती आधी शार्दूलच्या खोलीत गेली. त्याचा चेहरा तिला पाहून फुलला, आणि तिला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"सर... सोनबा खरं बोलत होते. चूक केबलची... नाही, चूक माझी."

तिने सगळं सांगितलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. पण तो खिडकीकडे वळला.

"माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस," तो म्हणाला, "आणि मी मागच्या गेटवर जाऊन साधी खात्रीसुद्धा केली नाही. शब्द तुमचा होता ना... म्हणून."

जाड केबल टाकीवर चढली. चाचणीसाठी मुख्य गेटच्या खोलीत शार्दूलने यंत्राचा माइक उचलला, तो ऋताने हातातून घेतला. "बोलणी सगळ्यांसमोर खाल्ली त्यांनी. माफीही सगळ्यांसमोरच मागते." बटण दाबलं की सगळ्या गेटांवर ऐकू जायचं, दाबलेलं असेतो तिकडचं मात्र इकडे ऐकू यायचं नाही.

"सोनबाकाका, मी ऋता. त्या दिवशी तुम्ही झोपला नव्हता. केबल मी चुकीची निवडली आणि दोष तुमच्या माथी मारला. मला माफ करा."

मान खाली, डोळे भरलेले, आणि अंगठा बटणावर तसाच थिजलेला.

"माफी मलाही मागायचीय. सोनबा कुठेही जाणार नाहीत," शार्दूल जवळ येत म्हणाला. मग आवाज उतरला... "आणि खरं सांगू, ऋता? तू मला फार आवडतेस. आज तर जरा जास्तच."

तू? ती चमकली... आणि तिचं लक्ष अंगठ्याकडे गेलं. अगं बाई! तिने बटण सोडलं. क्षणभर खरखर झाली, आणि मागच्या गेटवरून सोनबाचा आवाज खणखणीत आला.

"पोरी, लई लागलं व्हतं मनाला. पर चारचौगांत बोललीस, फिटलं." मग आवाजात हसू आलं. "आन् सायेब, तुमचं बी समदं ऐकलं आमी. म्याडमचं उत्तर तेवडं न्हाई आलं."

बाकीच्या गेटांवरून हशा फुटला. शार्दूलने कपाळावर हात मारला. जमीन दुभंगली तर बरं, असा त्याचा चेहरा झाला होता. ऋताचेही गाल पेटले होते. सकाळपासून मनात रुतलेली शरम अजून गेली नव्हती, पण ही लाज निराळीच होती, हवीहवीशी. माइक खाली ठेवला असता तर कोण काय म्हणणार होतं? पण आज तिला काहीच झाकायचं नव्हतं.

शार्दूलकडे बघत तिने बटण दाबलं... या वेळी जाणूनबुजून.

"काका," ती म्हणाली, "मलाही तो आवडतो."