टाकी भरू देणार नाही

ज्यांना हसायचंय त्यांनी आत्ताच हसून घ्या. मी थांबते.

झालं?

मग ऐका. यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. तुम्हाला घाबरवायला तर मुळीच सांगत नाहीये. मी स्वतःच घाबरलेली नाही. मी चिडलेली आहे.

गुरुवार, सोळा जानेवारी. संध्याकाळचे सव्वाचार, दिवस मावळायला आलेला. जागा आमचंच स्वयंपाकघर, शेटिकाम्प या बर्फाळ किनाऱ्यावरच्या गावातलं शेवटून दुसरं घर. मागे डोंगर, पुढे समुद्र.

मी लेओनी. वय बासष्ट. माझा नवरा प्लासिद बत्तीस वर्षं तेलाची गाडी चालवायचा. इथे घर गरम ठेवायला तळघरात तेलाची भट्टी असते आणि तिच्याशेजारी तेलाची टाकी. गाडीवाला बाहेरूनच भिंतीतल्या नळीने टाकीत तेल सोडतो. तेल आत शिरलं की टाकीतली हवा दुसऱ्या नळीतून बाहेर पडते, आणि त्या नळीत बसवलेली शिट्टी वाजायला लागते.

शिट्टी वाजतेय, म्हणजे टाकीत जागा आहे.

शिट्टी थांबली, म्हणजे टाकी भरली. काम संपलं, नळी गुंडाळा आणि निघा.

बत्तीस वर्षं हा माणूस लोकांच्या शिट्ट्या ऐकत जगला. दर गुरुवारी फेरी संपली की गाडी आपल्या दारात लावायचा आणि दोन बोटं का होईना, तेल टाकायचा. बरोबर सव्वाचारला.

मागच्या वर्षी फेब्रुवारीत अशीच गाडी दारात आली. मी चहा ठेवला.

शिट्टी वाजलीच नाही...

बाहेर जाऊन बघते तर हा बर्फात पालथा पडलेला. नळी हातात तशीच. टाकी त्या दिवशी भरायची राहून गेली.

हीट पंपावरून, म्हणजे विजेवर घर हिवाळ्यात गरम आणि उन्हाळ्यात थंड ठेवणाऱ्या यंत्रावरून, आम्ही दहा वर्षं भांडलो होतो. "मी जिवंत असेपर्यंत ते खोकं माझ्या भिंतीला लागणार नाही," असं तो टेबलावर मूठ आपटून सांगायचा. मी त्याचा शब्द पाळला. तो गेल्यावर लावलं.

हौस म्हणून नाही. माझी सासू एझिल्दा अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे. सगळे तिला मेमेर म्हणतात, म्हणजे आजी. तिची छाती अधू आणि आमची भट्टी जुनी. तिची खोली एकदा तापायची, एकदा गारठायची. धाकटा दीर यूलिस दर रविवारी फोन करायचा.

"वहिनी, आईला शहरातल्या वृद्धाश्रमात टाकू या."

"टाकू या? ती काय फाटकी गादी आहे?"

"तुम्ही शब्दात पकडू नका. या हिवाळ्यात तिची छाती पुन्हा भरली, तर मी विचारत बसणार नाही. गाडीत घालीन आणि नेईन."

मेमेर आतून ओरडली, "त्याला सांग, मला या घरातून न्यायचं तर शवपेटीतूनच न्यावं लागेल!"

म्हणून हीट पंप. भट्टी काढली नाही, फार कडाका पडला तर असावी म्हणून टाकीसकट ठेवली. बसवायला शहरातून दानिएल नावाचा माणूस आला. आल्या आल्या बाहेरचं खोकं डोंगराकडच्या भिंतीला लावायला निघाला.

"अरे बाबा, इथे सुएत सुटतो," मी म्हटलं.

"सुएत म्हणजे?"

"डोंगरावरून उतरणारा वारा. घरांची छपरं नेतो. तुझं खोकं समुद्रात जाऊन मासे गरम करील."

बिचाऱ्याने मुकाट्याने ते समुद्राकडच्या भिंतीला लावलं. नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. घरात एकसारखी ऊब. मेमेर खोकायची थांबली आणि यूलिसचे फोनही कमी झाले. मी जिंकले होते.

मग तो गुरुवार आला.

मेमेर खिडकीजवळ खुर्चीत काकवी लावलेला पाव खात होती. मी नुकताच कपात चहा ओतला होता, वाफा येत होत्या.

आणि भिंतीतून...

शिट्टी.

बारीक, लांब, एका सुरात.

मला वाटलं, तेलवाला पत्ता चुकला. खिडकीतून बघितलं.

गाडी नव्हती.

दुपारी पडलेला बर्फ अंगणात जसाच्या तसा होता. त्यावर चाकांच्या खुणा नव्हत्या, पाऊल नव्हतं, मांजरसुद्धा गेलेलं नव्हतं. शिट्टी मात्र वाजतच होती. मी मेमेरकडे वळले. तिचे डोळे मिटलेले, पाव हातात तसाच आणि ओठांवर हसू.

पाच मिनिटं वाजली असेल. मग थांबली. मी चहाचा घोट घेतला.

गार. वर साय धरलेली.

तो ओतून टाकला आणि कंदील घेऊन तळघरात उतरले. टाकीवर काचेची नळी असते, तिच्यात लाल बूच वरखाली होऊन तेल किती ते दाखवतं. हीट पंप आल्यापासून ते पाव टाकीवर होतं, कारण भट्टी मी लावतच नव्हते.

आता ते एक बोट वर होतं...

तेलाच्या कंपनीला फोन केला. तिथली मुलगी म्हणाली, "काकू, तुमच्या पत्त्यावर मागच्या फेब्रुवारीनंतर आमची गाडीच आलेली नाही."

पुढच्या गुरुवारी सव्वाचारला पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या गुरुवारीही. दर वेळी एकेक, दोन-दोन बोटं बूच वर. दानिएलला बोलावलं. त्याने टाकीत काठी घालून बघितली.

"चांगलं स्वच्छ तेल आहे की! कोण टाकतं?"

"माझा नवरा."

"मग त्यांनाच विचारा ना, मला कशाला बोलावलंत?"

त्याला बिचाऱ्याला काय माहीत! त्याला मी मासे आणि बटाटे खाऊ घालून परत पाठवलं.

मी विचार करत बसले. प्रत्येक शिट्टीला मेमेर डोळे मिटायची. थेट शिट्टी थांबेपर्यंत, जशी काही या जगात नाहीच. आणि मला प्लासिदचं एक बोलणं आठवलं. यूलिसने आश्रमाचा विषय काढला की तो आईचा हात धरून म्हणायचा, "तुला कुठे जाऊ द्यायचा नाही मी. वेळ आली की मीच येईन न्यायला."



टाकी भरेल. शिट्टी थांबेल. काम संपलं की गाडीवाला निघतो... आणि या वेळी रिकामा जाणार नाही.

घाबरावं की रडावं, ते कळेना. मग मला जो राग आला, तो आला! एका मुलाला तिला आश्रमात टाकायचं होतं, दुसऱ्याला थेट स्मशानात. आणि तिला अंघोळ घालणारी, भरवणारी, तिच्या शिव्या खाणारी मी, मला कोणी विचारायचंच नाही? मी तळघरात उतरले आणि टाकीवर सणसणीत थाप मारली.

"ऐक, प्लासिद! चाळीस वर्षं तुझं ऐकलं. मेल्यावरही तुझंच चालणार असेल, तर मग मी विधवा झाले तरी कशाला? मी ही टाकी भरू देणार नाही!"



मग टाकीच्या आतून... ठक्.

एकदाच.

 थाप मारली होती त्याच हाताने मी भट्टीचं बटण दाबलं. धडधडत ती पेटली.

तेव्हापासून ही भट्टी चालूच आहे. ज्या बाईने भट्टी लावावी लागू नये म्हणून हीट पंप लावला, ती आता तेल संपावं म्हणून दिवसरात्र भट्टी जाळते. फेब्रुवारीत घरात इतकं उकडायचं की मी खिडक्या उघड्या टाकायची. रस्त्याने जाणारे डोक्यापाशी बोट फिरवायचे. फिरवा! आठवडाभर मी बूच खाली आणायची आणि गुरुवारी तो वर न्यायचा.

मार्चमध्ये, दर वर्षी इथे सगळेच करतात तशी, घड्याळं तासभर पुढे केली. त्या गुरुवारी सव्वाचार वाजून गेले आणि शिट्टी नाही. मी म्हटलं, हरला! हातातला झाडू घेऊन नाचलेसुद्धा.

सव्वापाचला वाजली.

त्याचं घड्याळ कोण पुढे करणार...

जुलै उजाडला. बाहेर रणरणतं ऊन, तळघरात भट्टी धडधडतेय, आणि मेमेरच्या खोलीत तोच हीट पंप थंड हवा सोडतोय. अशा वेळी, गुरुवारी दुपारी, न सांगता यूलिस आला. दारात पाय ठेवताच त्याला घाम फुटला.

"वहिनी, भट्टी? जुलैत?"

"टाकी रिकामी करतेय."

"का?"

"भरू नये म्हणून."

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग खुर्ची ओढून समजुतीच्या सुरात बोलायला लागला. ते हवापालटाचं, डॉक्टरांचं, एकट्या बाईच्या मनावरच्या ताणाचं बोलणं मी तासभर ऐकून घेतलं. शेवटी तो उठला. "आईची पिशवी भरा. आज मी तिला नेतोच."

"हात लावून बघ," मी म्हटलं.

आणि तेवढ्यात...

शिट्टी.

यूलिसचं तोंड पांढरं पडलं. त्यालाही ऐकू आली! सहा महिन्यांत पहिल्यांदाच दुसऱ्या कोणाला ऐकू आली होती. तो मागच्या दाराने अंगणात धावला. मी मेमेरकडे बघितलं. डोळे मिटलेले.

शिट्टी थांबली.

मी यूलिसला हाक मारली. तो नव्हता. त्याची गाडीही नव्हती. अंगणातलं ऊन उतरून गेलेलं, आणि मी... मी स्वयंपाकघरात नव्हतेच. अंगणात भिंतीला टेकून उभी होते, अनवाणी.

आत आले. मेमेर जागी होती.

"यूलिस न सांगता गेला?"

"सांगून गेला, डॉक्टरला आणतो म्हणून. दोन्ही खांदे धरून गदागदा हलवलं त्याने तुला. तू कुठे शुद्धीत होतीस?"

"मी? मेमेर, झोपता तर तुम्ही! शिट्टी वाजली की डोळे मिटता."

"मी झोपत नाही, गं. ऐकते. पोरगा आहे माझा. अंगणात आलाय म्हटल्यावर आई काय करील?" ती जरा थांबली. "तू मात्र जातेस. पहिल्या दिवसापासून. शिट्टी सुरू झाली की ताडकन उठतेस, बाहेर जातेस आणि त्या नळीपाशी उभी राहतेस. आधी दहा मिनिटं असायचीस. आज पाऊण तास झाला. हात असा पुढे केलेला असतो, कोणीतरी धरल्यासारखा. मी हाका मारून मारून दमते."

मला साय धरलेला चहा आठवला. एकच नाही, सगळे.

"इतके दिवस बोलला का नाहीत?"

"बोलले. दर गुरुवारी. तू हसून म्हणतेस, मेमेर, तुम्हाला स्वप्न पडलं."

यातलं मला काही म्हणजे काही आठवत नव्हतं.

मेमेरने माझा हात हातात घेतला. "मला न्यायचं असतं तर त्याला टाकी भरत बसायची काय गरज होती? मी तर एका फुंकरीची. तो बायकोला न्यायला आलाय, लेओनी. एकटा राहणं त्याला कधी जमलंच नाही."

मी खूप रडले. ते लपवत नाही. चाळीस वर्षांचा संसार आहे, तो मलाही हवा आहे. पण मी गेले तर दुसऱ्याच दिवशी यूलिस हिची पिशवी भरील आणि शहरातल्या त्या खोलीत ही महिनाही काढणार नाही. डोळे पुसले, तळघरात गेले आणि टाकीला सांगितलं, "ये हवं तितक्यांदा. मला सवड नाही. तुझी आई आहे माझ्याकडे."

यूलिस डॉक्टरला घेऊन आला. डॉक्टर म्हणाला, दोघी ठणठणीत आहेत. आता यूलिस घरात येत नाही, शुक्रवारी सकाळी फोन करतो. आश्रमाचं नाव काढत नाही. खालच्या आवाजात एवढंच विचारतो, "वहिनी, काल वाजली?"

वाजते. सप्टेंबर लागलाय आणि बूच अर्ध्याच्या वर गेलंय. भट्टी चोवीस तास जाळूनही आताशा मी मागे पडते. तरी जाळते.

गुरुवारी पाच वाजले की मेमेर मला आपल्या खुर्चीशेजारी बसवते आणि माझ्या अंगावरच्या एप्रनचा बंद स्वतःच्या मनगटाला तीन वेढे देऊन बांधते. शिट्टी सुरू झाली की मला काही कळत नाही. थांबली की मी खुर्चीपाशीच असते. मेमेर धापा टाकत असते, तिच्या मनगटावर काळानिळा वळ उठलेला असतो, आणि खुर्ची दाराच्या दिशेने थोडी सरकलेली असते.

गेल्या गुरुवारी ती उंबरठ्यापर्यंत सरकली होती.

"सोडलं नाही हं मी," मेमेर म्हणाली.

येत्या महिन्यात ती एकोणनव्वदची होईल.